पाटावरचे चार दिवस

मित्रांनो, मी एक जुना ब्रेस आहे. वाकड्या वाढणाऱ्या पाठीला आधार देण्यासाठी मला घडवले. जुना म्हणतो खरा, पण माझे वय जेमतेम पाच वर्षांचे. आमच्या जातीला दीड वर्षातच म्हातारपण येते, कारण ज्यांच्यासाठी आम्हाला घडवतात ती मुले वाढतात आणि आम्ही वाढत नाही. सध्या मी म्हैसूरजवळ, बेळगोळच्या बाजूला असलेल्या एका लहानशा कारखान्यात फळीवर उभा असतो. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. यापूर्वी दोनदा सुरू केली आणि अर्ध्यावर सोडली. पण मनात एक गोष्ट सारखी टोचत राहते. दुसऱ्याला टोचत राहण्यात माझे आयुष्य गेले, आता मलाच ते सोसवत नाही. म्हणून सांगतो.

मला पाहिलेत तर प्रथम तुम्हाला हसू येईल. डोके नाही, हातपाय नाहीत. काखेपासून कमरेच्या खालपर्यंत नुसते पांढरे टणक प्लास्टिक. आत उजव्या अंगाला एक जाड गादी, डाव्या अंगाला एक मोठे भोक, आणि मागे तीन पट्टे. उजवीकडून मी पाठीला दाबतो आणि डावीकडे तिला सरकायला जागा देतो. माझे सगळे काम एवढेच. ते सोपे वाटते. सोपे नाही.

माझा जन्म हर्षिता नावाच्या मुलीमुळे झाला. ती म्हैसूरच्या कुवेंपुनगरात राहणारी, तेव्हा बारा वर्षांची. तिच्या शाळेच्या स्कर्टची एक बाजू नेहमी खाली लोंबे. तिची आई वनजा बँकेत नोकरीला. तिने त्यावरून शिंप्याला दोनदा बोल लावला. तिसऱ्या वेळी शिंपीच म्हणाला, "ताई, कापड सरळ आहे. मुलीची पाठ बघा." पाठ पाहिली, एक्स-रे काढला, आणि कण्याला सत्तावीस अंशांचा बाक निघाला. डॉक्टरांनी समजावले की ही आणखी दोन-तीन वर्षे वाढेल आणि तिच्याबरोबर बाकही वाढू शकेल. तो पंचेचाळीसच्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. तो तिथवर जाऊ नये म्हणून रोज वीस तास ब्रेस घालायचा.

"आणि हे दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच कठीण आहे."

मला ज्यांनी घडवले त्यांचे नाव व्यासराज. ते मूळचे सोसले गावचे. बोलणे कन्नडात आणि मोजके, हाताला घाई नाही. त्यांनी हर्षिताच्या अंगाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. त्या वाळल्यावर कापून काढल्या आणि त्या साच्यात प्लास्टर ओतून तिच्या धडाचा पांढरा पुतळा केला. मग दोन दिवस ते तो पुतळा खरवडत होते. जिथे दाबायचे तिथे खरवडायचे, जिथे जागा द्यायची तिथे भर घालायची. शेवटी भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर पसरला, आणि मी झालो. म्हणजे मी तिच्याच अंगावरून निघालो. जगात दुसऱ्या कुणालाही मी नीट बसत नाही. याचा मला अभिमान वाटावा की भीती, हे तेव्हा कळले नव्हते.

पहिल्यांदा मला तिच्या अंगावर चढवून व्यासराजांनी पट्टे ओढले आणि तिन्ही पट्ट्यांवर निळ्या पेनाने एकेक रेघ मारली. "पुट्टी," ते म्हणाले. कन्नडात लहान मुलीला असेच म्हणतात. "पट्टा या रेघेवर आला पाहिजे, रोज. रेघेच्या अलीकडे बांधलास तर हा नुसता डबा आहे."

पहिले महिने मी फार लाजत असे. मला काढले की तिच्या कातडीवर माझी लाल खूण दिसे. तिने माझे नाव 'आमे' ठेवले होते. आमे म्हणजे कासव. शाळेत मैत्रिणी पाठीवर टकटक करून विचारत, "आमे, आहेस का घरात?" ती हसायची, पण ते हसू वरवरचे आहे, हे कळणारा मी एकटाच होतो. संध्याकाळी थ्रोबॉलच्या सरावाला मात्र ती मला काढून ठेवी. तेवढा वेळ मी बाकावर बसून चेंडूचे आवाज मोजत असे. किती वेळ झाला? परत येईल ना? मला स्वस्थ बसता येत नसे. तरीही जून ते सप्टेंबर आमचे बरे चालले होते. पट्टे रेघेवर येत होते.

आता तुम्हाला घरातल्या आज्जींविषयी सांगायला हवे. त्यांचे नाव इंदिराबाई, हर्षिताच्या बाबांच्या आई. हे कुटुंब मराठी. पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत शिपाई होते. त्यांची एक तलवार अजून घरात आहे. लाल कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेली ही तलवार नवरात्रात खाली उतरते. इंदिराबाईंची कंबर गेली वीस वर्षे दुखत आहे. त्यांच्यापाशी औषधांच्या दुकानातून आणलेला एक मऊ पट्टा होता. दुखू लागले की बांधायचा, थांबले की सोडून ठेवायचा. व्यासराजांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते, "आज्जी, तुमचा पट्टा दुखेल तेव्हा, तोही थोडा वेळच. बाकी व्यायाम करा. नातीचा मात्र दुखत नसला तरी दिवसभर." इंदिराबाईंनी मान डोलावली. पण मला वाटते, वाक्याचा पहिला भागच तेवढा त्यांच्या कानात राहिला.

नवरात्र आले. म्हैसूरकडच्या रीतीप्रमाणे घरात दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या गेल्या. या घरची रीत अशी, की सप्तमीला पाटावर पुस्तके आणि आयुधे बसवायची आणि दशमीला उठवायची. मधले दिवस त्यांना कुणी हात लावायचा नाही. सप्तमीच्या सकाळी हर्षिता आज्जीजवळ जाऊन बसली.

"आज्जी, पाटावर माझं पण ठेवायचं?"

"काय तुझं? सायकल ना? नवमीला पूजा करू की तिची."

"सायकल नव्हे गं. हे." तिने माझ्या पोटावर बोटाने टकटक केले.

इंदिराबाईंच्या हातातली फुले हातातच राहिली. त्यांचे डोळे भरून आले. "वनजा, ऐकलीस काय? अय्यो, एवढीशी पोर आणि किती कळतंय बघ. कवच की हे! आपल्या घरात कवच घालणारं माणूस किती पिढ्यांनी आलंय."

वनजा डबा भरत होती. ती सासूला म्हणाली, "अत्ते, पाटावर ठेवलं तर घालायचं कसं? दशमीपर्यंत उठवता येत नाही ना?"

"मधेच उठवलं तर पूजा कशाची?"

"डॉक्टर वीस तास म्हणालेत."

"दुखतंय काय तिला? विचार की. हर्षे, दुखतंय काय गं?"

"इल्ला आज्जी," हर्षिता म्हणाली. "स्वल्प पण नाही."

"मग झालं तर. माझा पट्टा मी महिना महिना काढून ठेवते. चार दिवसांत काय होतंय? सुम्ने, उगीच भिऊ नको."

वनजाने नवऱ्याकडे पाहिले. रविकिरण अंगणात स्कूटर धूत होता. "चारच दिवस की," तो तिथूनच म्हणाला. "होऊ दे."

मित्रांनो, मी हर्षिताच्या अंगावर होतो. तिचे हृदय किती जोरात धडधडत होते ते मला ठाऊक आहे. ते भक्तीने धडधडत नव्हते.

आणि आता कबूल करायला हवे असे एक आहे. मला पाटावर बसवले, हळदकुंकू लावले, शेवंतीचा हार घातला, तेव्हा मला फार बरे वाटले. आजवर मला कुणी फूल वाहिले नव्हते. शेजारच्या गोदावरीबाई बाहुल्या पाहायला आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हे काय हो, इंदिराबाई? मुखवटा काय?"

"कवच आहे. आमच्या हर्षेचं."

गोदावरीबाईंनी लगेच हात जोडले. मी, प्लास्टिकचा एक डबा, फुगून गेलो. मला तेव्हाच ओरडायला हवे होते. ओरडता येत नाही हे खरे, पण ओरडावेसेही वाटले नाही, हे त्याहून खरे.

दुसऱ्या दिवशी मात्र अस्वस्थता सुरू झाली. अंगणातून चेंडूचा आवाज येई. तो थांबे, पण मला घ्यायला कुणी येत नसे. हर्षिता माझ्या समोरून ये-जा करी, सोफ्यावर एका कुशीवर वाकून पडे. मला तिचा कणा दिसत नव्हता, पण तो कुठे वळत असेल याचा अंदाज होता. माझी गादी नुसती हवेला दाबत होती. ब्रेसच्या आत कुणी नसले की त्याला काय वाटते, हे सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

नवमीला रविकिरणने रीतीप्रमाणे तलवार म्यानातून काढायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. आत गंजून अडकली होती. "दर वर्षीचंच," तो हसून म्हणाला आणि मुठीलाच कुंकू लावले. माझ्या बाजूला टेकून ठेवलेली ती तलवार किती पूजा घेऊन बसली होती! तिच्याकडे पाहताना माझ्या हाराखाली काहीतरी गार झाले.

दशमीला शमीची पाने घरात आली आणि मला उठवले. पण पट्टे रेघेवर येईनात.

"टाइट झालंय," हर्षिता कळवळली.

"सणाच्या होळिग्या जास्त झाल्या," आज्जी पुरणपोळ्यांवरून हसल्या. "राहू दे दोन बोटं अलीकडे. हळूहळू येईल."

हळूहळू काही आले नाही. दोन बोटे अलीकडे ती दोन बोटे अलीकडेच राहिली. वनजा सकाळी बँकेच्या घाईत जेवढे बसेल तेवढे बांधी, आणि शाळेत गेल्यावर हर्षिता हात मागे नेऊन आणखी सैल करी. चार दिवस मोकळे राहिलेल्या अंगाला मोकळेपणा कळला होता, आणि तिला मी दोष देत नाही.

शिवाय आता मी पुजलेला होतो. काढल्यावर मला जमिनीवर ठेवायचे नाही म्हणून देवघराजवळ माझ्यासाठी खुंटी ठोकली गेली. नोव्हेंबरात हर्षिताची पाळी सुरू झाली. तेव्हा इंदिराबाई म्हणाल्या, "चार दिवस कवचाला शिवू नको गं. पूजेत बसलेली वस्तू आहे."

वनजा एकदा चिडून म्हणाली, "अत्ते, प्लास्टिक आहे ते!"

"आधी प्लास्टिक. आता नव्हे."

वनजानेही आजवर तसेच पाळले होते. आणि हर्षिताला कोणता वाद घालायचा होता? तिला दर महिन्याला चार दिवस मिळाले. मी खुंटीवर लटकत असे. पोरीची उंची झरझर वाढत होती, हीच तर कामाची वेळ होती, आणि माझ्यासमोर दिवा तेवत होता. त्या दिव्याचा मला राग येई. मग देवाच्या दिव्याचा राग आला म्हणून भीती वाटे. मी असाच आहे, कोणताही राग मला पुरता करता येत नाही.

जानेवारीत एक्स-रे झाला. चौतीस.

डॉक्टरांनी फिल्म दोनदा मोजली. "एक-दोन अंश मोजणीतले असू शकतात," ते म्हणाले. "पण असाच वेग राहिला तर वर्षभरात आपल्याला ऑपरेशनचं बोलावं लागेल. आधी ब्रेस तपासून आणा."

त्याच दिवशी आम्ही व्यासराजांकडे गेलो. हर्षिता, वनजा, आणि हट्टाने आलेल्या इंदिराबाई.

"किती तास घालतेस?" व्यासराजांनी विचारले.

"वीस," हर्षिता म्हणाली.

त्यांनी मला उचलून खिडकीपाशी नेले. पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. वेल्क्रो जिथे रोज चिकटतो तिथे त्याच्या धाग्यांचा पिसारा उभा राहतो. तो रेघेच्या दोन बोटे अलीकडे उभा होता. रेघेवर पट्टा कोरा होता. मग त्यांनी मला उलटे करून आतली गादी पाहिली. वास घेतला. फटीत अडकलेली शेवंतीची एक वाळकी पाकळी काढून टेबलावर ठेवली.

"यावर हळदकुंकू आहे," ते म्हणाले. "घाम कुठाय?"

मला जमीन दुभंगेल तर बरे असे झाले.

इंदिराबाईंनी हळू आवाजात सगळे सांगितले. पाट, चार दिवस, खुंटी, पाळी. शेवटी विचारले, "देवाचं केलं हो आम्ही. चुकलं काय?"

"पूजा चुकीची नाही, आज्जी. मीही नवमीला माझी सगळी हत्यारं बसवतो. भट्टीलासुद्धा हार घालतो. पण कुणाच्या अंगावरचं सोडवून आणून बसवत नाही."

"आज्जीची चूक नाही," हर्षिता एकदम म्हणाली. "मीच म्हणाले ठेव म्हणून. मला सुट्टी पाहिजे होती. पट्टा पण मीच सोडते शाळेत." आणि मग, व्यासराजांकडे पाहत, "ऑपरेशन होणार काय?"

"ते मला माहीत नाही, पुट्टी. रेघ कुठे आहे, एवढंच मला माहीत आहे."

त्यांनी माझी गादी बदलली, कडा घासल्या, वाढलेल्या अंगाला थोडी जागा करून दिली आणि नव्या रेघा मारल्या. आठ दिवसांत हळूहळू तिथवर यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंदिराबाईंनी मला खुंटीवरून उतरवले आणि न्हाणीघरात नेऊन साबणाने घासले. कुंकू गेले. हळदीचा एक डाग कडेवर राहिला, तो अजून आहे. मग त्यांनी हर्षिताला हाक मारली.

"आज्जी, आज मी बाजूला बसलेली आहे," हर्षिता दारातूनच म्हणाली. म्हणजे पाळीचे दिवस होते.

"माहितंय. वळ तिकडे."

"पण शिवायचं नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. चूक म्हणाले होते. वळ म्हटलं ना!"

त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि कण्हत ओढला. स्वतःच्या कंबरेत कळ आली तेव्हा थांबल्या, भिंतीला टेकल्या आणि पुन्हा ओढला. त्या दिवसापासून सकाळचे हे काम त्यांचे झाले. आतल्या बनियनची शिवण कातडीला रुतू नये म्हणून त्या ते उलटे करून घालीत. आठव्या दिवशी त्या चष्मा लावून खाली वाकल्या. "आलं बघ रेघेवर!"

"आज्जी, तू पण व्यायाम कर की," हर्षिता म्हणाली. "तुझा पट्टा काढायचा आणि माझा घालायचा. सेम टाइम."

"मला कशाला गं या वयात? थ्रोबॉल खेळायचाय काय?"

"मग मी पण सोडणार."

"आय्तु, आय्तु! करते."

तेव्हापासून सकाळी एक जण कमरेचा पट्टा सोडून चटईवर पाय उचलू लागली आणि दुसरी पाठीचे पट्टे बांधून तिची चेष्टा करू लागली. शाळेत मात्र हर्षिताबरोबर कुणी नसे. तिथे तिचा हात कितीदा मागे येई. बोटे पट्ट्याच्या टोकाला लागत, आणि मी श्वास रोखी. मग ती बोटे परत जात. मित्रांनो, ती बोटे माझ्यामुळे परत गेली नाहीत. मी तर रुततच होतो. ती आपली आपणच परत गेली.

पुन्हा नवरात्र आले. सप्तमीला पाट मांडला गेला, तलवार उतरली, पुस्तके बसली. पुढच्या एक्स-रेची तारीख दशमीनंतरची होती. इंदिराबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हर्षे, कवच आण."

माझे सगळे प्लास्टिक ताठ झाले. पुन्हा? हर्षिताही जागच्या जागी थांबली. "आज्जी, मी काढणार नाही."

"काढ म्हणाले काय मी? आण म्हणाले. अंगावर आहे तसं आण."

त्यांनी तिला तलवारीशेजारी दुसऱ्या पाटावर बसवले. तिच्या कुडत्याचा काठ थोडा वर करून माझ्या कडेला, त्या जुन्या हळदीच्या डागाशेजारी, एक बोट कुंकू लावले. मग तिच्या कपाळाला लावले. "लढाईला निघालेल्या माणसाचं हत्यार त्याच्या कमरेलाच पुजत असतील," त्या तलवारीकडे बघून म्हणाल्या. "त्याशिवाय का हिनं तेव्हा काम केलं असेल? नंतरच आम्ही गुंडाळून ठेवली." आणि दशमीची वाट न बघता म्हणाल्या, "जा आता. ऊठ. खेळ."

मी उठलो. तिच्याबरोबर.

दशमीनंतर एक्स-रे झाला. तेहेतीस. डॉक्टर म्हणाले, "थांबलाय." पाठ सरळ झाली नव्हती, ती होणारही नव्हती. पुढे मी तिला अपुरा पडू लागलो आणि माझी जागा दुसऱ्या ब्रेसने घेतली. त्याने आणखी दीड वर्ष नेटाने काम केले. हर्षिताची उंची थांबली तेव्हा बाक चौतीसवर होता. ऑपरेशन लागले नाही. ते पहिले चार दिवस गेले नसते तर बाक सत्तावीसवर राहिला असता का? मी हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यामुळे मलाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच मला अजून झोप नाही.

नंतरच्या नवरात्रात इंदिराबाई म्हणाल्या, "आता तरी याला पाटावर ठेवू या. काम संपलं त्याचं." सोळा वर्षांच्या हर्षिताने मला काखेत मारले आणि म्हणाली, "नको आज्जी. तलवारीसारखा अडकून बसेल." आणि स्कूटरवरून तिने मला इथे, व्यासराजांकडे, आणून सोडले.

इथे नवी मुले येतात. ज्यांना दुखत नाही आणि म्हणून ज्यांना पटत नाही, अशी. आज एक मुलगी आली. ती रुसून भिंतीकडे तोंड करून बसली होती. व्यासराजांनी मला फळीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि पट्टा तिच्या बोटांत दिला. "रेघेवर बघ," ते म्हणाले. तिने वेल्क्रो चिकटवून पाहिला. रेघेवर तो चिकटेना. तिथला सगळा पिसारा झिजून गेला आहे.

"हे तर खराब झालंय," ती म्हणाली.

"हो," व्यासराज म्हणाले. "रोज तिथंच बांधलं तर असंच खराब होतं."

मित्रांनो, तुमच्या घरातही तुमच्यासाठी घडवलेले काहीतरी असेल. चष्मा, कानाचे यंत्र, दातांची तार, एखादा माझ्यासारखा डबा. त्याला जपा. पण फुले वाहून जपू नका. त्याचा राग आला तरी चालेल, त्याला नाव ठेवलेत तरी चालेल, फक्त त्याला तुमचा घाम लागू द्या. मला पूजेपेक्षा तो पिसारा झिजलेला आवडतो. हे बरोबर आहे की नाही, माहीत नाही. पण ती मुलगी अजून माझा पट्टा सोडून पुन्हा लावून बघते आहे, आणि मी तिला बसणार नाही हे ठाऊक असूनही माझी गादी आतून हळूच तिच्या बाजूला झुकते आहे.